गठ्ठ्यातलं चित्र

*‘ताई, मी अकरा वर्षं माध्यमिक शाळेत भाषा शिकवते. चार तुकड्या, प्रत्येकीत चाळीस मुलं. घरी आले की स्वयंपाक, मुलीचा अभ्यास, आणि रात्री नऊ ते साडेअकरा वह्या. सुट्टीच्या दिवशी दुपारी पाठाची तयारी. पालकांचे मेसेज रात्री दहालाही येतात, उत्तर नाही दिलं तर अपराधी वाटतं. नवरा मदत करतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. घसा कायम बसलेला असतो. मागच्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. एका मुलाने तिसऱ्यांदा तीच शंका विचारली आणि मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “तुला सांगून काय उपयोग?” तो खाली बसला, तासभर मान वर केली नाही. आणि त्याच रात्री वह्यांच्या गठ्ठ्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलीने काढलेल्या चित्राचा कागद निघाला. तिनेच मध्ये सरकवला होता. मी त्यावर बरोबरची खूण केली, सही केली, तारीख टाकली, पुढची वही उघडली आणि मग लक्षात आलं. श्वासाचे व्यायाम करून पाहिले, डायरी लिहून पाहिली, पहाटे उठून पाहिलं. पहाटे उठले तेव्हाही वह्याच तपासल्या. वेळेचं नियोजन कसं करू?’*

*— लाल पेन*

प्रिय लाल पेन,

वेळेचं नियोजन तुम्हाला येतं. एकशेसाठ मुलांचं काम अकरा वर्षं वेळेवर परत करणाऱ्या बाईला मी तक्ते आखायला शिकवणं म्हणजे आगाऊपणा होईल. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: ‘पहाटे उठले तेव्हाही वह्याच तपासल्या.’ उद्या मी कुठूनतरी रोजचा एक तास आणून तुमच्या हातात ठेवला, तरी तो कुठे जाणार हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

मिळेल तितक्या वेळात काम पसरत जातं, असं पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५५ साली सरकारी कचेऱ्यांची थट्टा करताना लिहिलं होतं. कचेऱ्यांचं जाऊ द्या, शिक्षकाच्या कामाला ते जास्तच लागू पडतं. शिंप्याचा सदरा शिवून होतो आणि तो घडी घालून बाजूला ठेवतो. पाठ असा कधी शिवून होत नाही. आणखी एक उदाहरण शोधता येतं, आणखी एक शेरा लिहिता येतो, मागे पडलेल्या आणखी एका मुलाचा विचार करता येतो. ‘वह्या झाल्या की झोपेन’ ही तुमची अट आहे, आणि वह्या होत नसतात. तेव्हा काम संपल्यावर उठायचं हा हिशेब सोडा. वेळ संपली की उठायचं. पुढचं सगळं मी त्यासाठीच लिहिते आहे.

आधी कागद-पेन्सिल घ्या. पेन्सिलच घ्या, लाल नको. एकशेसाठ वह्या, एका वहीला तीन मिनिटं. चारशे ऐंशी मिनिटं, म्हणजे आठ तास. तपासणीची एक फेरी म्हणजे कामाचा एक अख्खा दिवस, आणि तो तुमच्या वेळापत्रकात कुठेही लिहिलेला नाही. वहीमागे पाच मिनिटं घालवलीत तर तेरा तासांच्या वर. तुम्ही हळू आहात म्हणून रात्री जागत नाही. ते गणितच बसत नाही.

हे फक्त तुमच्या शाळेत होतं असंही नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१३ साली अनेक देशांतल्या माध्यमिक शिक्षकांची पाहणी केली. आठवड्याला सरासरी ३८ तास काम आणि त्यातले वर्गावरचे १९, असं शिक्षकांनी सांगितलं. जेवढं दिसतं तेवढंच न दिसणारं. शिक्षकांच्या कामाचे तास ठरवताना पाठाची तयारी, तपासणी, रोज किती वेगवेगळे पाठ घ्यावे लागतात, पालकांशी बोलायला किती वेळ जातो, हे सगळं धरावं, असं युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या शिफारशीत लिहून ठेवलेलं आहे. ती स्वीकारली गेली ५ ऑक्टोबर १९६६ रोजी. त्याच तारखेला जागतिक शिक्षक दिन असतो. त्या दिवशी आपलं कौतुक होतं, भाषणं होतात. हा परिच्छेद मात्र कोणी वाचून दाखवल्याचं मला आठवत नाही.

आता त्या मुलाबद्दल. ‘तुला सांगून काय उपयोग’ हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं, कारण नुसती दमलेली बाई असं बोलत नाही. दमलेली बाई चिडते, ओरडते, पाच मिनिटांनी विसरते. हे वाक्य वेगळं आहे. कामाने माणूस आतून विझत जातो त्याला इंग्रजीतून आलेला ‘बर्नआउट’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर तो मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांनी त्याचे तीन पदर सांगितले. एक, भावनिकदृष्ट्या पार रिकामं होणं. दुसरा, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्यापासून तुटणं. समोरचं मूल मूल न वाटता एक काम वाटू लागणं. आणि तिसरा, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुमच्या त्या चार शब्दांत दुसरा आणि तिसरा, दोन्ही आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही. कामाच्या जागेवरचा ताण दीर्घकाळ चालू राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, तर होणारी गोष्ट अशी ती नोंद आहे. म्हणजे मूळ कामाच्या जागी आहे आणि तुम्ही उपाय करताय तो स्वतःच्या श्वासावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. श्वासाच्या व्यायामाला मी नावं ठेवत नाही, मीही करते. पण त्याने एकशेसाठाच्या ऐंशी वह्या होत नाहीत.

एक मात्र सांभाळून बघा. मोठ्या सुट्टीत चार-सहा दिवसांनी हलकं वाटतं का? वाटत असेल तर मी लिहिते आहे ते पुरेल. सुट्टीतही झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, विनाकारण रडू येत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर माझं सदर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. बर्नआउट आणि नैराश्य बाहेरून बरेचदा सारखे दिसतात, आणि ते पत्रावरून ओळखण्याचा शहाणपणा मी करणार नाही.

वह्यांकडे येते. माझं स्वतःचं या बाबतीतलं अज्ञान जायला बरीच वर्षं लागली. मी निबंधाखाली चार-चार ओळींचे शेरे लिहायची. एकदा वह्या वाटल्यावर टेबलाशी न बसता मागच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले. समोरच्या मुलीने वही उघडली, दहापैकी सात बघितले, शेजारणीच्या वहीत डोकावली, तिथे साडेसात होते, आणि वही बंद. माझ्या चार ओळी आत तशाच. त्या लिहिताना आदल्या रात्री मी शब्द बदलले होते, तिला लागू नये म्हणून एक वाक्य खोडून पुन्हा लिहिलं होतं. तिने एकही शब्द वाचला नव्हता. मी सबंध वर्गावरून नजर फिरवली. तोच प्रकार.

नंतर कळलं की यावर संशोधन होऊन गेलेलं आहे. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांचं काम फक्त गुणवाल्यांइतकंच राहिलं. आकडा शेजारी आला की अक्षरं वाचली जात नाहीत. रात्री साडेअकरापर्यंत तुम्ही जे लिहिता, त्यातलं बरंचसं अशा जागी लिहिता जिथे कोणी बघत नाही.

म्हणून, एका वहीत एक तर आकडा, नाही तर शेरा. दोन्ही नको. आणि दर आठवड्याला प्रत्येक तुकडीतल्या फक्त दहा वह्या नीट, बारकाईने बघा. चार तुकड्यांच्या चाळीस. वहीला पाच मिनिटं दिलीत तरी दोनशे मिनिटं होतात, म्हणजे पावणेदोन तासांच्या आत उरकणाऱ्या दोन बैठका. एक शाळेतल्या मोकळ्या तासांत, एक घरी. चार आठवड्यांत प्रत्येक मुलाची वही एकदा मन लावून वाचली जाते. आत्ता ती दर आठवड्याला वाचली जात नाहीच आहे; तिच्यावर नुसती खूण होते आहे. स्वतःच्या मुलीच्या चित्रावर सही करून पुढे गेलात, तेव्हा त्याच रात्रीच्या बाकीच्या वह्यांचं काय झालं असेल?

उरलेल्या तीस वह्यांचं? मुलं लिहीत असताना हातात पेन घेऊन फिरा. चूक दिसली की समासात एक टिंब द्या आणि पुढे जा. चूक कुठली ते शोधणं ज्याचं त्याचं काम. सुरुवातीला मुलं ‘बाई, कुठे चुकलं?’ म्हणून मागे लागतील. सांगू नका. दोन आठवड्यांत शेजारच्याला विचारू लागतील आणि तुम्हाला हवं तेच होईल. जी चूक पंधरा जणांनी केली ती पंधरा वह्यांत लिहायची नसते, दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकदाच घ्यायची असते.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे पानोपानी लाल शाई लागते, वह्यांची तपासणी होते. होते, मला माहीत आहे. ती शाई मुलांसाठी नसते, तपासायला येणाऱ्यासाठी असते. तो मघाचा आठ तासांचा कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. एकट्या नको, तीन-चार जणी मिळून. ‘आम्हाला झेपत नाही’ असं सुरू करू नका. त्यावर ‘इतरांना कसं झेपतं?’ हे उत्तर तयारच असतं. कागद पुढे ठेवून विचारा, ‘याला आठ तास लागतात. कुठलं काम बाजूला ठेवून करू?’ या प्रश्नाला माणसाला थांबून विचार करावा लागतो. एका सत्रापुरतं करून पाहू म्हणा. कदाचित नाही म्हणतील. माझ्या बाबतीत दोनदा म्हणाले होते, तिसऱ्यांदा एका इयत्तेपुरतं मान्य झालं.

घशाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, जणू तो खडूच्या धुळीसारखा नोकरीचाच भाग आहे. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ५७.७ टक्के शिक्षकांनी आयुष्यात कधीतरी आवाजाचा त्रास झाल्याचं सांगितलं. शिक्षक नसलेल्यांत हेच प्रमाण २८.८ टक्के होतं. जवळजवळ निम्मं. बोलताना स्वरयंत्राच्या पट्ट्या बाईच्या गळ्यात सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. पाच तास शिकवल्यावर त्यांचं काय होत असेल? टेबलावर पाणी ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता प्या. घसा बसला की कुजबुजत शिकवू नका, त्याने ताण पडतोच. गोंगाटाच्या वर आवाज चढवण्यापेक्षा गप्प उभं राहा किंवा टाळी वाजवा. आवाज तीन-चार आठवडे सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचाच.

आणि एक युक्ती, जी खरं तर घशासाठी सांगितलेली नाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गात बसून ध्वनिमुद्रणं केली, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. ज्यांनी तीन सेकंद थांबायची सवय लावली, त्यांच्या वर्गात उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद मनात मोजून बघा, फार लांब वाटतात. पण तेवढाच तुमच्या गळ्याला आराम, आणि तीच शंका तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला कदाचित तेवढेच सेकंद हवे असतात.

पालकांच्या मेसेजचं लवकर उरकते, कारण त्यात फारसं काही नाही. रात्री दहाला दिलेलं उत्तर हाही एक पाठच असतो. त्यातून पालक शिकतात की बाई दहाला भेटतात. ग्रुपवर एकदाच लिहा: ‘मी शाळेच्या दिवशी पाच ते साडेपाच मेसेज बघते आणि उत्तर देते. तातडीचं असेल तर शाळेच्या ऑफिसात फोन करा.’ माफी मागू नका, कारण देऊ नका, नमस्काराचे हात एकच बास. मग साडेपाचनंतर त्या ग्रुपचा आवाज बंद. एखाद-दोन पालक कुरकुरतील. बाकीच्यांना, माझा अनुभव असा, हायसंच वाटतं; रात्री दहाला बाईंचं उत्तर आलं की आपणही लगेच काहीतरी लिहायला हवं असं त्यांनाही वाटत असतं.

‘नवरा मदत करतो’ असं लिहिलंत. मदत पाहुणा करतो. ज्या घरात तो राहतो, जेवतो आणि ज्या मुलीचा तो बाप आहे, तिथे दुसरा शब्द वापरायला हवा. यावर मी एवढंच लिहिते, कारण तुम्ही तक्रार नाही म्हणालात. पण कुठली कामं तुम्ही न सांगता होतात, त्याची यादी एकदा दोघं मिळून करा.

आता घरी येऊनही डोक्यात शाळा चालू राहते त्याचं. शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं खुर्चीत बसा आणि तीन ओळी लिहा: काय राहिलं, ते कधी करणार, सुरुवात कुठून करणार. ‘७ब च्या वह्या’ असं नाही, ‘७ब, उद्या तिसऱ्या तासाला, मागच्या बाकापासून’ असं. अर्धवट राहिलेलं काम मनात घोंगावत राहतं, पण ते कधी-कसं करणार हे नेमकं ठरवून टाकलं की घोंगावणं बरंच कमी होतं, असं मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी २०११ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. काम पूर्ण व्हावं लागत नाही, त्याला जागा मिळावी लागते. तुमच्या डायरीने काही झालं नाही, कारण तुम्ही बहुधा तिच्यात कसं वाटतंय ते लिहीत होता. या तीन ओळींत वाटण्याचं काही नको.

आठवड्यातली एक संध्याकाळ वह्यांची ठरवा. घड्याळ लावून बसा, आणि वाजलं की वही अर्धी उघडी असली तरी उठा. हे सगळ्यांत अवघड जाणार आहे. पहिले पंधरा दिवस अपराधी वाटेल, सोफ्यावर नुसतं बसलं तरी कोणीतरी बघतंय असं वाटेल. वाटू द्या. अकरा वर्षांची सवय सुटताना दुखतं. त्यावरून आपलं काही चुकतंय असा निष्कर्ष काढू नका. आणि आठवड्याच्या सुट्टीचा दिवस पूर्ण कोरा. तयारी नाही. मागच्या वर्षीचा पाठ जसाच्या तसा घेतलात तर काय बिघडेल? चांगला होता तो.

एक काम मात्र उद्याच करायचं आहे, ते पुढे ढकलू नका. त्या मुलाला मधल्या सुट्टीत बाजूला बोलवा आणि सांगा, ‘त्या दिवशी मी तुला चुकीचं बोलले. तुझी शंका राहिली आहे, परत विचार.’ दमले होते, डोकं दुखत होतं, हे काही सांगू नका. ते त्याने वाहून न्यायचं ओझं नाही. मग तो विचारेल, किंवा नाही विचारणार. नाही विचारलं तर दोन दिवसांनी तुम्हीच त्याच्या बाकाजवळ जाऊन थांबा. तुम्ही बोलला होतात सगळ्या वर्गासमोर, तेव्हा त्याची शंका घेऊन सोडवणंही वर्गासमोर झालेलं बरं.

आणि लाल पेन, त्या चित्रावर तुम्ही खूण केलीत, सही केलीत, तारीख टाकलीत, एवढं सगळं पत्रात आहे. चित्र कशाचं होतं ते नाही. मुलीला विचारा आणि मला कळवा.